दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७, कोसबें, गोवा – २९ जून १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार, नाणकशास्त्रज्ञ आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक होते. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने प्राचीन भारताच्या इतिहासाचे मार्क्सवादी भाष्यकार म्हणून घेतले जाते. तथापि त्यांची उपजीविका आयुष्यभर गणितावर चालली आणि स्वतःची ओळखही ते गणितज्ञ अशीच करून देत. अवकल भूमितीतील त्यांच्या कामाचा मागोवा घेतला असता तो एली कार्टां आणि शिंग-शेन चर्न यांच्यापर्यंत, म्हणजे आधुनिक भूमितीच्या मुख्य प्रवाहापर्यंत पोचतो.

बालपण व शिक्षण

दामोदर यांचे वडील धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. बुद्धाच्या शिकवणीच्या शोधात घर सोडून नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत भटकलेल्या या माणसाची कहाणी त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आली आहे. आई बाळाबाई. धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागल्यावर कुटुंब पुण्यास आले आणि दामोदर यांचे प्राथमिक शिक्षण तेथेच झाले.

‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना पुन्हा बोलावले, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला सोबत अमेरिकेला नेले. वडील परतल्यानंतरही मुलगा केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे शिकत राहिला. १९२४ मध्ये त्याने हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला. मध्ये काही काळ भारतात काढून १९२६ मध्ये तो परत गेला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. जॉर्ज बर्कहॉफ हे त्या काळचे अमेरिकेतील अग्रगण्य गणितज्ञ तेथे शिकवत. एकट्या गणितावर लक्ष केंद्रित करावे, असा त्यांचा सल्ला होता. कोसंबींनी तो मानला नाही आणि ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा भाषांचे अभ्यासक्रमही भरभरून घेतले. पुढील आयुष्याचा साचा येथेच दिसतो. एका विषयात राहावे हा सल्ला त्यांना नंतरही अनेकांनी दिला आणि तो त्यांनी कधीच पाळला नाही. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाशी त्यांची ओळखही याच काळातली.

काशी आणि अलीगढ

भारतात परतल्यावर १९२९ मध्ये कोसंबी काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. त्यांचा पहिला शोधनिबंध लंबवर्तुळाकार कक्षेच्या परांचनाविषयी होता. तो १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. १९३१ मध्ये त्यांचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. या दांपत्याला माया आणि मीरा या दोन मुली झाल्या. त्यांपैकी मीरा कोसंबी (१९३९–२०१५) पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झाल्या आणि आजोबांच्या लेखनाचा इंग्रजी अनुवादही त्यांनीच केला.

१९३१ मध्ये कोसंबी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथील गणित विभागाचे प्रमुखपद आंद्रे वेल या अवघ्या पंचविशीतल्या फ्रेंच गणितज्ञाकडे होते आणि जुना विभाग मोडून तेथे नवे, संशोधन करणारे तरुण आणण्याचा त्यांचा बेत होता. टी. विजयराघवन हेही त्याच मंडळींतले. याच वास्तव्यात एक मजेदार प्रसंग घडला. एका सहकाऱ्याची खोड मोडण्यासाठी कोसंबींनी वेल यांच्या सूचनेवरून एक निबंध लिहिला आणि त्यातील प्रमेयाचे श्रेय डी. बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाला देऊन टाकले. १९३१ सालचा हा निबंध खराखुरा छापला गेला. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बुर्बाकी या टोपणनावाने सगळे गणित पायापासून नव्याने लिहून काढण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि ते नाव विसाव्या शतकाच्या गणितात अजरामर झाले. गणिताच्या छापील वाङ्मयात या काल्पनिक बुर्बाकीचा पहिला उल्लेख मात्र कोसंबींच्या त्या निबंधातच सापडतो.

वेल यांचा प्रयोग फार काळ टिकला नाही. ते १९३२ मध्ये भारतातून परतले आणि कोसंबीही लवकरच अलीगढ सोडून पुण्यास आले. ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकवली होती, तेथेच ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले.

मार्गांची भूमिती

कोसंबींचे सर्वांत मूलगामी गणिती काम याच सुरुवातीच्या वर्षांतले आहे. ते समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. रीमान यांच्या भूमितीत आधी अंतर मोजण्याचा नियम दिलेला असतो आणि दोन बिंदूंमधील सर्वांत कमी लांबीचे मार्ग त्यावरून काढले जातात. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतात ग्रहांच्या कक्षा अशाच मार्गांच्या रूपाने येतात. कोसंबींनी प्रश्न उलटा घातला. अंतराचा नियम ठाऊक नाही, फक्त मार्ग ठाऊक आहेत, म्हणजे दुसऱ्या कोटीच्या अवकल समीकरणांचा एक संच हाती आहे, असे समजावे. मग निव्वळ त्या मार्गांवरून अवकाशाची भूमिती उभारता येईल का? आणि हे मार्ग एखाद्या अंतराच्या नियमातून किंवा लघुतम क्रियेच्या तत्त्वातून आलेले आहेत की नाहीत, हे ओळखता येईल का?

त्यांची वाट अशी होती. एका मार्गालगतचा दुसरा मार्ग घ्यायचा आणि दोहोंमधील फरक कसकसा बदलत जातो ते पाहायचे. या फरकाचे समीकरण निर्देशक बदलले तरी अर्थ टिकवून राहील अशा रूपात लिहायचे. तसे लिहिताना समांतरतेची एक संकल्पना आपोआप हाती लागते आणि तिच्यासोबत वक्रतेची भूमिका बजावणाऱ्या काही अविकारी राशीही मिळतात. अविकारी म्हणजे निर्देशकांची निवड कशीही केली तरी ज्यांचे अस्तित्व आणि अर्थ बदलत नाही त्या. शेजारचे मार्ग एकमेकांजवळ येतात की दूर फाकतात, हे त्यांतील एका राशीवरून कळते.

हा निबंध १९३३ मध्ये ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो वाचून एली कार्टां यांनी त्याच प्रश्नावर आपल्या पद्धतीने टिपण लिहिले आणि ते कोसंबींच्या निबंधाला लागूनच, त्याच खंडात छापले गेले. पंचविशीतल्या भारतीय प्राध्यापकाच्या लेखाला त्या काळच्या सर्वश्रेष्ठ भूमितिज्ञाने असे तत्काळ उत्तर द्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. १९३९ मध्ये कार्टां यांचे शिष्य शिंग-शेन चर्न यांनी कालाचा निर्देशकही बदलता ठेवून हा प्रश्न पूर्णत्वास नेला. या तिघांच्या नावाने हा विषय आज कोसंबी–कार्टां–चर्न सिद्धांत म्हणून ओळखला जातो. त्यात पाच मूलभूत अविकारी राशी येतात आणि गतिकीय प्रणालींची स्थिरता तपासण्यासाठी, परिसंस्थांच्या प्रतिमानांपासून विश्वरचनाशास्त्रापर्यंत, त्यांचा उपयोग केला जातो.

चर्न यांची पुढची वाटचाल येथे नोंदवली पाहिजे, कारण या सिद्धांताचे नाव पाहून अनेकांचा गोंधळ होतो. चर्न आणि जेम्स सायमन्स यांनी १९७४ मध्ये त्रिमितीय अवकाशांशी निगडित अशा एका नव्या भूमितीय राशीविषयी लिहिले. १९८९ मध्ये एडवर्ड विटन यांनी तिच्यावर आधारलेला क्वांटम क्षेत्र सिद्धांत मांडला. या सिद्धांतात अंतराच्या नियमाला स्थानच नाही. उत्तरे केवळ अवकाशाच्या संस्थितीवर, म्हणजे ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणांवर अवलंबून असतात. व्हॉन जोन्स यांनी बीजगणिताच्या वाटेने शोधलेली गाठींची बहुपदी त्यातून निघते, हे विटन यांनी दाखवले आणि भूमिती, बीजगणित व भौतिकी यांची सांगड घालणाऱ्या संस्थितीय क्वांटम क्षेत्र सिद्धांतांचे दालन खुले झाले. मायकेल अटिया यांनी त्याच सुमारास या सिद्धांतांची स्वयंसिद्धके लिहिली. कोसंबींच्या १९३३ च्या निबंधातून हे सारे निघाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. चर्न यांची ही दोन कामे वेगळी आहेत. साम्य आहे ते प्रश्नाच्या ठेवणीत: मोजपट्टी बाजूला ठेवली तर अवकाशाविषयी काय सांगता येते?

मार्गांच्या भूमितीवरील संशोधनासाठी कोसंबींना १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. या विषयावर त्यांनी इंग्रजीखेरीज फ्रेंच आणि जर्मन भाषांतही लिहिले. १९४० नंतर मात्र त्यांचे लक्ष भूमितीवरून हळूहळू संख्याशास्त्राकडे वळले.

संख्याशास्त्र, आनुवंशिकी आणि नाणी

संख्याशास्त्राकडे ते वळले त्याला एक व्यावहारिक निमित्त होते. हा विषय शिकायचा तर प्रत्यक्ष सामग्री हवी आणि ती त्यांना प्राचीन आहत नाण्यांत सापडली. चांदीचे नाणे हातोहात फिरताना झिजते. मौर्यकाळात व त्याआधी ही नाणी वेळोवेळी तपासली जात आणि प्रत्येक तपासणीची बारीक खूण नाण्याच्या मागील बाजूस उमटवली जाई. म्हणून मागील खुणा जितक्या जास्त तितके सरासरी वजन कमी असायला हवे. कोसंबींनी तक्षशिलेच्या साठ्यांतील नाणी एकेक करून अचूक तराजूत तोलली. आपले तत्त्व बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी त्यांनी चलनात असलेली समकालीन नाणीही वजन केली. झिजेच्या गणितावरून नाण्यांच्या गटांचा कालानुक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. नाण्यांना कलावस्तू मानणाऱ्या अनेक नाणकशास्त्रज्ञांना ही तराजूची पद्धत रुचली नाही. १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, ‘सायंटिफिक अमेरिकन’ने या विषयावरील त्यांचा लेख प्रसिद्ध केला.

१९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक फलनांना परस्परलंब घटकांत विभागण्याची रीत मांडली. प्रचंड आणि गुंतागुंतीच्या सामग्रीतून मोजके महत्त्वाचे घटक वेगळे काढण्याची ही पद्धत आज द्रवगतिकी, प्रतिमांचे संक्षेपण आणि हवामानाचे विश्लेषण यांत सर्रास वापरतात. कारी कारहुनेन आणि मिशेल लोएव्ह यांनी तीच कल्पना काही वर्षांनी स्वतंत्रपणे मांडली आणि दीर्घकाळ ती त्या दोघांच्याच नावाने ओळखली गेली. कोसंबींचा निबंध युद्धकाळात भारतीय नियतकालिकात आला होता. त्याचा अग्रक्रम मान्य व्हायला बराच वेळ लागला.

१९४४ सालच्या चार पानांच्या निबंधाचे भाग्य वेगळे ठरले. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर संकरांच्या संततीत दिसणाऱ्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून काढण्याचे सूत्र त्यात होते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात एका ठिकाणचा जनुकविनिमय शेजारच्या विनिमयात अडथळा आणत नाही असे गृहीत धरले होते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला. गहू, भात, ज्वारी अशा पिकांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या संगणकीय प्रणालींत आजही हाल्डेन की कोसंबी असा पर्याय निवडावा लागतो. तो निवडणाऱ्या कितीतरी जणांना या नावाचा इतिहासकाराशी असलेला संबंध ठाऊक नसतो.

अहमदनगरचा किल्ला आणि इतिहासलेखन

कोसंबींच्या इतिहासलेखनाला वळण देणाऱ्या घडामोडींपैकी एक अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे घडली, पण तिच्यात ते स्वतः नव्हते. निजामशाहीच्या काळातील तेथील भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य स्थानबद्ध होते. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव अशी ही मंडळी. तेथेच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला. १९४६ मध्ये तो प्रकाशित होताच कोसंबींनी ‘सायन्स अँड सोसायटी’ या अमेरिकी नियतकालिकात त्याचे दीर्घ परीक्षण केले.

नेहरूंविषयीचा आदर कोसंबींनी लपवला नाही आणि तुरुंगात संदर्भग्रंथ मिळत नसत याचीही दखल घेतली. मात्र ग्रंथाच्या मांडणीवर त्यांचा आक्षेप मूलभूत होता. भारताचा भूतकाळ संस्कृतीच्या अखंड प्रवाहासारखा रंगवला गेला. कोणी पिकवले, कोणी खाल्ले, कोणता वर्ग कोणाच्या श्रमावर उभा राहिला, हे प्रश्न त्यात विचारलेच गेले नाहीत. युद्धकाळात नफ्याने गबर झालेला भारतीय भांडवलदार वर्ग आता सत्तेसाठी वयात आला आहे, असे त्यांनी त्या लेखात बजावले. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

टीका त्यांनी केवळ एका बाजूवर केली नाही. श्रीपाद अमृत डांगे यांनी प्राचीन भारतावर मार्क्सवादी चौकटीतून लिहिलेल्या पुस्तकाचे १९४९ मध्ये त्यांनी तितकेच कठोर परीक्षण केले. युरोपच्या इतिहासातील टप्पे भारतावर जसेच्या तसे बसवण्यास त्यांचा विरोध होता. परिणामी उजव्या विद्वानांप्रमाणे डाव्या पक्षातही त्यांना मित्र थोडेच उरले.

त्यांचे स्वतःचे उत्तर १९५६ च्या ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ या ग्रंथात आले. उत्पादनाची साधने आणि उत्पादनसंबंध यांत क्रमाने होत गेलेले बदल म्हणजे इतिहास, ही व्याख्या त्यांनी पायाशी ठेवली. बखरी आणि राजावल्या जेथे अपुऱ्या पडतात, तेथे पुरावा शेतात, देवळात आणि वाटांवर शोधावा लागतो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे आणि पुढे नेवासे येथे डेक्कन कॉलेजची उत्खनने दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणत होती, त्याच दशकात कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी भटकून सूक्ष्मास्त्रे वेचत होते. घराजवळच्या टेकड्यांपासून धनगरांच्या हंगामी वाटांपर्यंत त्यांनी नोंदी केल्या. शेंदूर फासलेल्या मातृदेवतांची स्थाने बहुधा जुन्या वाटांच्या तिठ्यांवर येतात, असे त्यांच्या लक्षात आले. खंडोबा, म्हसोबा, विठोबा या देवतांच्या पंथांत पशुपालकांचा इतिहास साठलेला आहे, हे त्यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) मध्ये मांडले. ‘द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया’ (१९६५) हा त्यांचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ.

संस्कृत ग्रंथांचे संपादन ही याच कामाची दुसरी बाजू. भर्तृहरीच्या शतकत्रयीची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’चे संपादन त्यांनी वि. वि. गोखले यांच्यासह केले. ते १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाले.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

होमी भाभा यांनी नव्याने स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना १९४५ मध्ये गणिताचे प्राध्यापक म्हणून आणले. संस्था मुंबईत, घर पुण्यात. त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला आणि त्यांचे बरेचसे वाचन त्या गाडीत झाले. १९४८–४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी ते इंग्लंड-अमेरिकेला गेले. शिकागो विद्यापीठात त्यांनी प्रदिशीय भूमितीवर व्याख्याने दिली आणि प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेतही काही काळ काढला.

१९४९ मध्ये के. चंद्रशेखरन संस्थेत आले आणि गणित विभागाला संख्यासिद्धांत व बैजिक भूमितीचे निश्चित वळण मिळाले. याच विभागात एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेले प्रमेय पुढे विटन यांच्या सिद्धांताचा गणिती आधार बनले. या घडणीत कोसंबींना जागा उरली नाही. नाणी, हस्तलिखिते आणि शांतता चळवळ यांत त्यांचा वेळ जातो, ही नाराजी होती. शिवाय त्यांची मते अडचणीची होती. देशाच्या अणुकार्यक्रमाचे केंद्र असलेल्या संस्थेत राहून ते अणुऊर्जेला विरोध करीत आणि भारताने सूर्यशक्तीवर पैसा व बुद्धी खर्च करावी असे जाहीरपणे सांगत.

निर्णायक ठरला तो रीमान गृहीतकाचा प्रसंग. मूळ संख्यांच्या वाटणीविषयीचे हे गृहीतक १८५९ पासून अनिर्णित होते आणि अजूनही आहे. कोसंबींनी ते संभाव्यतेच्या मार्गाने सोडवू पाहिले. त्यांचा निबंध १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापून आला. मूळ संख्यांचा क्रम यादृच्छिक असल्यासारखा वागतो हे मानण्यास जागा आहे; पण तो निश्चित क्रम आहे आणि संभाव्यतेने बहुतेक क्रमांविषयी जे सांगता येते ते या एका क्रमाला लागू आहेच, हे वेगळे सिद्ध करावे लागते. तेथे युक्तिवाद तुटला. चूक गणितज्ञांकडून होतच असते, पण हा दावा न सोडल्याने कोसंबींच्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

अखेरची वर्षे

त्यानंतर त्यांनी काही गणिती निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी हे त्यांचे कार्यस्थान ठरले. मूळ संख्यांवरील काम त्यांनी सोडले नव्हते. २९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ५८ होते.

मृत्यूनंतर इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती वाढत गेली, तर गणिती लेखन अनेक देशांच्या नियतकालिकांत विखुरलेले राहिले. जन्मशताब्दीनंतर ३१ जुलै २००८ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. गणित व संख्याशास्त्रावरील त्यांच्या निवडक निबंधांचा रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला खंड २०१६ मध्ये निघाला. १९३३ चा जर्मन नियतकालिकातील निबंध आणि १९४३ चा यादृच्छिक फलनांवरचा निबंध त्यामुळे प्रथमच एकत्र वाचायला मिळाले.